दिवे हिरवे, फाईल मात्र जाईना: व्हीसॅटची संथ लिंक कुठून तपासायला घ्यावी

"आवं, दिवं समदं हिरवं हाईत, पर फाईल काय फुडं सरकंना." कोयनेच्या बॅकवॉटरपलीकडच्या एका पतसंस्थेच्या शाखेतून शिपाईमामांचा हा फोन मला महिन्याच्या शेवटी ठरलेला असतो. कराडहून तिथं जायचं म्हणजे पहाटे निघून बामणोली गाठायची, पुढं लाँच, आणि लाँचवाल्याला दुसरी भाडी असली तर परतायला अंधार. पूर्ण दिवस जातो. शाखेचं नेट व्हीसॅटवर, म्हणजे गच्चीवरच्या डिशमधून उपग्रहामार्फत चालतं. तिथं पोहोचल्यावर दहापैकी सात वेळा डिशला हातही लावावा लागत नाही. दोष खोलीतच असतो, कधी संगणकात तर कधी वापरण्याच्या सवयीत. पाटण-जावळीच्या डोंगरात, चाळकेवाडीच्या पठारावर, शिराळ्याच्या वरच्या अंगाला आणि इकडं जत-आटपाडीत अशा लिंका बघत फिरण्यात माझी बरीच वर्षं गेली. फोनवर जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहितो.

आधी लक्षणं ओळखा

नुसतं "नेट स्लो आहे" म्हणून भागत नाही. यापैकी तुमचं काय ते बघा.

स्पीड टेस्ट चांगला आकडा दाखवतो, पण प्रत्यक्ष फाईल रखडत जाते. किंवा सकाळी नऊला सगळं सुरळीत आणि अकरा वाजले की रडारड. किंवा साधी मेल जाते, जोडपत्र लावलं की अडकते; पान अर्धं उघडतं आणि तिथंच थांबतं. किंवा पाऊस आला की गती बसते. यात पाऊस थांबल्यावर लगेच सुधारते की दोन दिवस तशीच राहते, हे लक्षात ठेवा. त्यावर पुढं बरंच अवलंबून आहे. शेवटचं लक्षण म्हणजे दुपारी ठरावीक वेळी काही मिनिटं लिंक पूर्ण जाते आणि आपोआप येते.

हे शेवटचं लक्षण मार्चच्या पूर्वार्धात किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिसलं, तर काहीच करू नका. त्या दिवसांत सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागं येतो आणि डिशला उपग्रहाबरोबर सूर्याचा गोंगाटही ऐकू येतो. ७४ अंश पूर्वेचा उपग्रह असेल तर साताऱ्यात ही वेळ दुपारी साडेबाराच्या आसपास येते, कारण सातारा स्वतःच जवळपास त्याच रेखांशावर आहे. रोज काही मिनिटं, असे काही दिवस. एका शाखेत याच कारणासाठी मॉडेम बदलून मागितला होता. नवा आला तोवर सूर्य सरकला होता, त्यामुळं "नवा मॉडेम एकदम भारी" असं सर्टिफिकेटही मिळालं.

पहिली तपासणी: पिंग, पाच मिनिटं, फुकट

उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. तुमची विनंती वर जाते, खाली हबला, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या जमिनीवरच्या मुख्य केंद्राला, उतरते. उत्तर हबहून वर जातं, तुमच्याकडं उतरतं. चार वेळा छत्तीस हजार, म्हणजे साधारण १ लाख ४४ हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानंही याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. मॉडेम-हबचा वेळ धरून पिंग, म्हणजे एक छोटं पॅकेट (माहितीचा तुकडा) पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ, ५५० ते ७०० मिलिसेकंद येतो, आणि तो दोष नाही. "फायबरला वीस येतो, आमच्याकडं सहाशे का?" असं विचारणाऱ्यांना मी आकाशाकडं बोट दाखवतो. यंत्र कितीही महाग घ्या, हा वेळ कमी होणार नाही.

मग पिंग करायचा कशासाठी? तो आकडा स्थिर आहे का, हे पाहण्यासाठी. सगळ्यांच्या केबली काढा, वायफाय बंद करा, एकच लॅपटॉप तारेनं थेट मॉडेमला जोडा. आधी मॉडेमच्याच पत्त्यावर पिंग करा. तिथं एक-दोन मिलिसेकंद यायला हवेत आणि एकही पॅकेट हरवायला नको. तिथंच गळती असेल तर दोष तुमच्या केबलीत, स्विचमध्ये किंवा लॅपटॉपच्या पोर्टमध्ये आहे. उपग्रहाला शिव्या देऊ नका, ऐंशी रुपयांची पॅचकॉर्ड बदला. नंतर बाहेरच्या पत्त्यावर पाच मिनिटं पिंग चालू ठेवा आणि आकडे कागदावर लिहा.

एकटा लॅपटॉप असताना सहाशे स्थिर, आणि सगळे परत जोडले की दोन-तीन हजार झाला, तर लिंक धडधाकट आहे. कुणीतरी ती भरून टाकतंय.

दुसरी: खातंय कोण?

व्हीसॅटवर वर पाठवायचा रस्ता खाली येणाऱ्यापेक्षा बहुधा अरुंद असतो. तो भरला की मॉडेमपुढं रांग लागते, आणि तुमच्या फाईलीची पोचपावतीसुद्धा त्याच रांगेत उभी राहते. त्यामुळं वर पाठवणाऱ्या एका माणसामुळं सगळ्यांचं डाउनलोडही मंदावतं. हे लोकांना पटत नाही, पण केबल काढून दाखवली की पटतं.

नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत: मोबाईलचा फोटो बॅकअप, व्हॉट्सॲपचा बॅकअप, विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरस, आणि हल्ली क्लाउडला चित्रण पाठवणारे कॅमेरे. अकरा वाजता गती बसते कारण अकरापर्यंत सगळा स्टाफ येतो आणि खिशातले फोन आपोआप वायफायला चिकटतात. विंडोजमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' करा, अपडेट रात्रीवर ढकला, वायफायचा पासवर्ड बदला. पासवर्ड बदलल्यावर शाखाधिकाऱ्यांनाही सांगू नका, असं मी हसत सांगतो. पण गंमत म्हणून सांगत नाही.

तिसरी: फाईल पाठवता कशी?

मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडलंय, म्हणून जरा सविस्तर.

कोयनेपलीकडच्या त्याच शाखेत सोनेतारणाच्या दागिन्यांचे फोटो महिनाअखेर मुख्य कार्यालयाला जात. चारशेच्या आसपास फोटो, प्रत्येक दीड-दोनशे केबी. बाई दुपारी दोनला बसत आणि सहा वाजले तरी निम्मे शिल्लक. मी शेजारी खुर्ची टाकून घड्याळ लावलं. प्रत्येक फोटोला आधी चार-पाच सेकंद पट्टी शून्यावर थबकायची, मग पटकन जायची. वेळ जात होता तो फोटो जाण्यात कमी आणि जाण्याआधी जास्त.

कारण असं. दर फोटोला नवं कनेक्शन उघडत होतं. टीसीपीचा (माल पॅकेटांत पाठवून पोचपावती घेणारी नेटची पद्धत) रामराम-शामराम एक फेरी, टीएलएसची (माल कुलूपबंद करणारी पद्धत) ओळखपाळख जुन्या आवृत्तीत दोन फेऱ्या, मग विनंती-उत्तराची एक. चार फेऱ्या गुणिले ०.६ सेकंद म्हणजे २.४ सेकंद नुसत्या सोपस्काराला. चारशे फोटोंना सोळा मिनिटं, तीही एक बाइट न पाठवता. त्यात टीसीपीची 'स्लो स्टार्ट' नावाची सवय अशी की नव्या कनेक्शनवर पहिल्या फेरीत फक्त दहा पॅकेट पाठवायची, साधारण १४-१५ केबी, आणि दर फेरीला दुप्पट करायची. दोनशे केबीचा फोटो जायला अशा चार फेऱ्या, आणखी अडीच सेकंद. म्हणजे अंगात वेग येईपर्यंत फोटो संपतो आणि पुढचा पुन्हा शून्यापासून सुरू. मध्येच एखादा फोटो अर्ध्यात अडकला की बाई सगळी यादी पहिल्यापासून लावत. चार तास गेले ते असे.

उपाय: चारशे फोटोंची एक झिप. फोटो झिपनं लहान होत नाहीत हे खरं, पण इथं आकाराचा प्रश्नच नव्हता. एकदा रामराम, एकदा वेग धरायचा आणि मग सलग. फोटोंचा आकार आधीच कमी करून घेतला तर अजून बरं. दागिना ओळखू येण्यासाठी बारा मेगापिक्सेल लागत नाहीत. त्या दिवशी बाई साडेचारला चहा पीत बसल्या होत्या.

पाठवायचं सॉफ्टवेअर एकेकच घेत असेल आणि झिप चालत नसेल, तर एका वेळी चार-पाच समांतर पाठवायची सोय त्यात आहे का बघा. आणि अर्ध्यात तुटलं तर पुढून सुरू करणारं साधन वापरा. नव्वद टक्क्यांवर तुटून पुन्हा पहिल्यापासून, हे उपग्रहावर परवडत नाही.

चौथी: एकच मोठी फाईल, तरीही एक एमबीपीएसच्या वर जाईना

लिंक चारची आहे, स्पीड टेस्ट चार दाखवतो आणि फाईल ०.८७ वर अडकते. हा ८७० केबीपीएसच्या जवळचा आकडा दिसला की मी ओळखतो. टीसीपी पोचपावती न येता किती माल रस्त्यावर ठेवायचा याला मर्यादा ठेवते, तिला विंडो म्हणतात. जुनी मर्यादा ६४ केबी. ६५,५३५ बाइट भागिले ०.६ सेकंद, म्हणजे सेकंदाला १०९ केबी, म्हणजे साधारण ८७४ केबीपीएस. लिंक दहाची घेतली तरी एका कनेक्शनला तेवढंच. चार एमबीपीएस भरून चालवायची तर ३०० केबी माल सतत रस्त्यावर असायला हवा. आपल्याकडं ऊसतोडीत हेच असतं: कारखाना लांब असेल तर ट्रॅक्टर जास्त लागतात, नाहीतर गव्हाण रिकामी राहते. स्पीड टेस्ट एकदम अनेक कनेक्शन उघडतो म्हणून त्याला हे जाणवत नाही.

विंडो मोठी करायची सोय १९९२ सालापासून आहे, आणि विंडोज व्हिस्टापासून ती आपोआप चालते. बंद असते ती कुणीतरी 'नेट फास्ट' करायचं फुकट सॉफ्टवेअर टाकलेलं असतं म्हणून. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'नेटएसएच इंट टीसीपी शो ग्लोबल' ही आज्ञा द्या (टंकायची अर्थात इंग्रजी अक्षरांत) आणि ऑटो-ट्यूनिंगच्या ओळीपुढं काय आहे ते वाचा. 'नॉर्मल' हवं. 'डिसेबल्ड' असेल तर 'नेटएसएच इंट टीसीपी सेट ग्लोबल ऑटोट्यूनिंगलेव्हल=नॉर्मल'. ते फुकटचं सॉफ्टवेअरही काढून टाका, नाहीतर पुढच्या वेळी सुरू होताना ते परत बंद करेल. आणि ही ओळ माल घेणाऱ्याच्या संगणकावर महत्त्वाची असते. तुम्ही पाठवताना अडकत असेल तर समोरच्या कार्यालयातलं मशीनही बघायला सांगा.

पाचवी: व्हीपीएन आणि क्विक

बहुतेक व्हीसॅट मॉडेममध्ये टीसीपीला फसवणारा एक मध्यस्थ असतो, पेप म्हणतात त्याला. तो संगणकाला जागेवरच खोटी पोचपावती देतो आणि पलीकडं हबपर्यंत आपल्या पद्धतीनं माल नेतो. त्यामुळं स्लो स्टार्ट आणि विंडोचं दुखणं बरंच झाकलं जातं. पण तो टीसीपीचं पाकीट वरून वाचू शकला तरच. व्हीपीएन, म्हणजे मुख्य कार्यालयापर्यंतचा खासगी रस्ता, टाकलं की सगळं कुलूपबंद होतं आणि पेप आंधळा होतो. मुख्य कार्यालयानं व्हीपीएन बसवलं आणि त्याच आठवड्यात शाखा संथ झाली, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. व्हीपीएन काढा असं मी म्हणणार नाही. बँकेच्या कामाला ते लागतंच. पण सेवा देणाऱ्या कंपनीला "कूटबद्ध होण्याआधी ॲक्सिलरेशन मिळेल अशी रचना करून द्या" असं नेमक्या शब्दांत सांगा. ते त्यांच्या बाजूचं काम आहे. तुम्ही राउटरमध्ये खटपट करू नका.

क्विकचंही तसंच. क्रोम अनेक संकेतस्थळांशी टीसीपीऐवजी क्विकनं बोलतो, तेही कुलूपबंद, पेपच्या हाताबाहेरचं. क्रोमच्या 'फ्लॅग्ज' पानावर (chrome://flags) क्विक बंद करून त्याच पानावर पुन्हा वेळ मोजा. फरक पडला तर राउटरवर यूडीपी ४४३ (क्विक ज्या दारानं जातो ते) बंद करून घ्या. ब्राउझर मुकाट्यानं टीसीपीवर येतो. फरक नाही पडला तर जसं होतं तसं ठेवा.

साधी मेल जाते आणि जोडपत्र अडकतं, हे लक्षण व्हीपीएनबरोबर आलं असेल तर बहुधा पॅकेटचा आकार नडतोय. व्हीपीएनचं आवरण चढल्यावर १५०० बाइटचं पॅकेट रस्त्यात मावत नाही. राउटरमध्ये एमएसएस (एका पॅकेटात जास्तीत जास्त किती माल भरायचा तो आकडा) १३६०च्या आसपास बांधून दिला की सुटतं. राउटर तुमच्या ताब्यात नसेल तर फोन करा.

सहावी: वीज आणि अर्थिंग

मॉडेम दिवसातून चारदा स्वतःच बंद-चालू होत असेल तर यूपीएस आणि अर्थिंग बघायचं. न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज दोनच्या आत असावं. हे मीटर लावून गावातल्या वायरमनकडून मोजून घ्या, स्वतः बोर्ड उघडू नका. चाळकेवाडीसारख्या जांभ्याच्या सड्यावर एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं काम शिपाईमामांना लावून दिलं की निम्म्या तक्रारी कमी होतात.

सातवी: आता गच्चीवर, पण फक्त डोळ्यांनी

आधी मॉडेमच्या पानावरचा एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती तो आकडा, वाचा. स्वच्छ आकाशाच्या दिवसाचा आकडा मॉडेमवर चिकटपट्टीनं लिहून ठेवलेला असेल तर तुलना होते. नसेल तर पुढच्या कोरड्या दिवशी लिहा. तीन डेसिबल उतरला म्हणजे मिळणारी ताकद निम्मी झाली.

पावसानं केयू बँड (उपग्रहाच्या लहरींची एक पट्टी) मंदावतोच. जोराची सर आली की मॉडेम हळू पण भक्कम पद्धतीवर उतरतो आणि गती निम्म्याहून खाली येते. तो तुटू नये म्हणून तसं करतो. यात एकूण पावसापेक्षा सरीचा जोर महत्त्वाचा. वळवाच्या अर्ध्या तासात जतची लिंक जशी झोपते, तशी बामणोलीची दिवसभराच्या भुरभुरीत झोपत नाही, जरी पावसाच्या हिशेबात बामणोलीपुढं जत कुठंच नाही. सर ओसरली आणि पंधरा-वीस मिनिटांत आकडा मूळ जागी आला तर सोडून द्या.

पण पाऊस थांबला, आकाश मोकळं झालं, तरी आकडा खालीच. आणि दुपारी उन्हं तापली की हळूहळू वर चढतो, सकाळी पुन्हा खाली. हे कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याचं लक्षण. गेल्या श्रावणात वारणावतीकडच्या एका साईटवर मी टेप सोडली तर आतून थेंब गळाला आणि तांब्याच्या मधल्या तारेवर हिरवट बुरा. बाहेरून टेप एकदम नवी, चकचकीत. पण केबल सरळ खाली उतरण्याऐवजी वरून येऊन कनेक्टरमध्ये शिरत होती, पाणी तिच्याच अंगानं आत. केबलीला खाली एक झोळ दिला की पाणी तिथून टपकतं. हा झोळ आहे का, एवढं तुम्ही खालूनही बघू शकता.

आणखी काय दिसतं? फीडच्या (डिशसमोर दांडीवर बसवलेला, सिग्नल घेणारा-सोडणारा भाग) तोंडावरच्या पांढऱ्या झाकणावर कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. डिशच्या खालच्या काठाशी शेवाळ. वानरांनी लोंबकळून वाकवलेली फीडची दांडी. चाळकेवाडीच्या वाऱ्यानं सैल झालेले खांबाचे नट, त्यावर गंजाचा ताजा केशरी चट्टा. साताऱ्याहून ७४ अंशाच्या उपग्रहाकडं बघायचं तर क्षितिजापासून जवळजवळ ६९ अंश वर, थेट दक्षिणेला. त्यामुळं लांबच्या आंब्याचा अडथळा होत नाही, पण गच्चीवरच नंतर उभी केलेली पाण्याची टाकी होऊ शकते. मोबाईलवर फोटो काढा आणि खाली या.

इथं थांबा

डिश हलवायची नाही. "जरा डावीकडं फिरवून बघतो" हा टीव्हीच्या छत्रीचा खेळ इथं चालत नाही. टीव्हीची छत्री फक्त ऐकते, ही बोलतेसुद्धा. चुकीच्या दिशेला बोलली तर दुसऱ्याच्या वाहिनीत गोंगाट होतो आणि हबवाले तुमचं प्रक्षेपण बंद करतात. दिशा लावण्याचं काम हबशी फोनवर बोलत, त्यांच्याकडून ध्रुवीकरण (लहरी कोणत्या दिशेनं कंप पावतात ते) तपासून घेतच होतं.

मॉडेम चालू असताना फीडसमोर डोकं घालू नका, कुंभारमाशीचं घर काढायलासुद्धा. आधी मॉडेमची वीज बंद. मॉडेम ते डिश केबलीतून वीज जाते, म्हणून चालू असताना कनेक्टर सोडू नका. शॉर्ट झाला तर पाचशेचा कनेक्टर वाचवायला जाऊन अख्खं वरचं यंत्र जातं. ओल्या गच्चीवर, ढग गडगडत असताना, शिडीवर, एकट्यानं, अजिबात नाही. वळवाच्या दिवसांत दुपारी आभाळ भरलं की मॉडेमचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा.

तंत्रज्ञ बोलवायचा तो यातलं काही दिसलं तर: एकट्या लॅपटॉपवरही बाहेरच्या पिंगमध्ये पॅकेट हरवतात, एसएनआर कोरड्या दिवशीही दोन-तीन डेसिबल खाली, उन्हात वर, सकाळी खाली, किंवा डिश-दांडी-खांब हललेले दिसतात. पॅकेटगळतीला मी एवढा का घाबरतो? जुन्या पद्धतीच्या टीसीपीत तीनशे केबीची विंडो एका हरवलेल्या पॅकेटानं निम्मी होते आणि पूर्ववत व्हायला, फेरीला एक पॅकेट या हिशेबानं, मिनिटभर लागतं. नवी सॉफ्टवेअरं लवकर सावरतात, पण मिनिटाला दोन पॅकेट गळत असतील तर ती लिंक कधीच वेग धरत नाही.

फोन करताना "चालत नाही" असं सांगू नका. तारीख-वेळ, एकट्या लॅपटॉपवरचा पिंग, सगळे जोडल्यावरचा पिंग, आजचा एसएनआर, कोरड्या दिवसाचा एसएनआर आणि गच्चीवरचे फोटो, एवढं पाठवा. मला कोणता कनेक्टर आणि किती केबल घेऊन लाँचमध्ये बसायचं ते कळतं. आणि तंत्रज्ञ निघण्याआधी नवा एसएनआर त्याच्याच हातानं मॉडेमवरच्या चिकटपट्टीवर लिहून घ्या, खाली तारीख टाकून.